इब आणि ऑब : आरशातल्या जगात दोघांनी खेळायचा खेळ

सांजवारा :
'इब अँड ऑब' इथे कोणकोण खेळलंय? स्पार्पवीड या डच स्टुडिओचा हा प्लॅटफॉर्म प्रकारातला, म्हणजे उड्या मारत अडथळे ओलांडायचा व्हिडिओ गेम. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला, पुढच्या वर्षी पीसीवर आणि २०२० मध्ये स्विचवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पडद्यावर एक आडवी रेषा असते. रेषेच्या वर आपल्यासारखंच जग, वस्तू खाली पडतात. रेषेखाली गुरुत्वाकर्षण उलटं, तिथे सगळं वरच्या दिशेने, म्हणजे पुन्हा रेषेकडेच पडतं. जमीन एकच आणि तिच्या दोन्ही अंगांना पाय टेकून उभे असलेले दोन इवले प्राणी. इब हिरवा, ऑब गुलाबी. रेषेत जागोजागी दारं आहेत, त्यांतून या जगातून त्या जगात उतरायचं. काही दारं दोघांनाही चालतात, काही फक्त हिरव्याला, काही फक्त गुलाबीला.

माझं मत असं की दोघांनी खेळायचे बहुतेक खेळ खरं तर एकेकट्याचेच असतात. तयारीचा खेळाडू पुढे पळतो, दुसऱ्याला मागून ओढून नेतो आणि शेवटी दोघंही जिंकल्याचा आनंद मानतात. इथे तसं करताच येत नाही. माझ्या वाटेत काटेरी प्राणी बसलाय तर तो मला मारता येत नाही, कारण त्याची मऊ बाजू रेषेपलीकडे आहे. ती फोडायला पलीकडे कुणीतरी असावं लागतं. दुसऱ्या जगाची गरज गोष्ट रंगवण्यापुरती नाही, खेळण्यासाठीच आहे.

आता प्रश्न. माझ्या मोठ्या बहिणीने आयुष्यात कंट्रोलर हातात घेतलेला नाही. तिच्याबरोबर हाच खेळ सुरू करावा असं फार वाटतंय. अगदी नवख्या माणसाला हा पहिला खेळ म्हणून झेपेल का? आणि एकाला येतं, एकाला येत नाही, अशा जोडीत पुढे कोणी राहायचं?

वेताळटेकडी :
खेळलोय, बायकोबरोबर. अप्रतिम खेळ. संसार शाबूत आहे एवढं सांगतो, बाकी सविस्तर रात्री लिहीन.

भर_दुपारी :
नवख्यांसाठी नाही, असं माझं स्पष्ट मत. दिसायला गोजिरवाणा आहे म्हणून लोक फसतात. सुरुवातीच्या लेव्हल सोप्या आहेत, पण पुढे दोघांच्या उड्यांचा मेळ निमिषभर चुकला तरी चालत नाही. शिवाय एक मेला की दोघंही मागच्या टप्प्यावर. कंट्रोलर पहिल्यांदा धरणाऱ्या माणसाच्या मनात लगेच येतं की आपल्यामुळे समोरच्याला पुन्हा पुन्हा मरावं लागतंय. ते ओझं वाईट असतं. बहिणीला आधी 'इट टेक्स टू' द्या. २०२१ चा आहे, हेझलाइटचा. तोही दोघांशिवाय चालतच नाही, पण त्यात एक जण मेला तर दुसरा जिवंत राहतो आणि मेलेला जरा वेळाने परत येतो. गोष्टही आहे.

रेवा :
भर_दुपारी, 'इट टेक्स टू' मलाही आवडतो. पण त्यात त्रिमितीय जगात कॅमेरा फिरवावा लागतो. कंट्रोलरवरच्या अंगठ्याने हलवायच्या दोन काड्यांपैकी एकीने चालायचं, दुसरीने बघायचं. माझ्या आईला नेमकं तेच जमेना, ती सारखी भिंतीकडे तोंड करून उभी. इब-ऑबमध्ये डावी-उजवी आणि उडी, संपलं. बोटांना काम कमी आहे, डोक्याला जास्त. चाळिशी-पन्नाशीतल्या नवख्या माणसाला हेच सोपं जातं असा माझा अनुभव.

भर_दुपारी :
हा मुद्दा मान्य. कॅमेरा फिरवणं हे आपल्यासारख्यांना दिसतच नाही इतकं अंगवळणी पडलेलं असतं.

तिरपा_डोळा :
धाग्याच्या नावात 'आरसा' आहे म्हणून एक बारकावा. हे जग हुबेहूब आरसा नाही. गुरुत्वाकर्षण उलटं आहे, काटेरी प्राणी आणि त्याची मऊ बाजू एकमेकांसमोर अचूक सरकतात, एवढ्याच गोष्टी आरशासारख्या. जमिनीची घडण दोन्हीकडे वेगळी आहे. वरच्या बाजूला उंच भिंत असेल तिथेच खाली मोकळं मैदान असतं. हा फरक नसता तर खेळच उरला नसता. दोन्ही बाजू सारख्या असत्या तर जी अडचण वर तीच खाली आणि दार ओलांडून उपयोग काय? मला तर वाटतं ही लेव्हल आखणाऱ्याची खरी कमाल आहे. एकाच रेषेवर दोन नकाशे रचायचे, दोन्ही आपापल्या परीने अपुरे, आणि एकमेकांत गुंतवले की वाट तयार.

सांजवारा :
तिरपा_डोळा, फार छान मांडलंत. 'दोन्ही अपुरे' हे अगदी पटलं.

कोकणकडा :
समांतर जगाचं म्हणाल तर ही कल्पना जुनी आहे. १९९१ च्या 'झेल्डा : अ लिंक टू द पास्ट' मध्ये उजेडाचं आणि अंधाराचं अशी दोन जगं होती आणि अंधारातून परत यायला जादूचा आरसाच होता. पण तो एकट्याचा खेळ. दोघांनी खेळायचा प्लॅटफॉर्म आणि समांतर जग हे एकत्र मला पहिल्यांदा 'ग्वाकामेली' मध्ये भेटलं. कॅनडातल्या ड्रिंकबॉक्सचा खेळ, आला २०१३ मध्येच. मेक्सिकोतल्या मृतांच्या सणावर बेतलेला. नायक हुआन हा आगावेची शेती करणारा, मुखवटा चढवला की कुस्तीगीर होतो. दुसरा खेळाडू तोस्तादा होतो, ती त्या मुखवट्याची राखणदार. जिवंतांचं जग आणि मृतांचं जग एकाच जागी, एकावर एक. एका जगात ओटा आहे तो दुसऱ्यात नाही, एका जगातला शत्रू दुसऱ्यात फक्त सावलीसारखा दिसतो, पण त्याचा मार मात्र बसतो.

यात गंमत अशी की दोघांपैकी कोणीही जग बदललं की ते दोघांसाठी बदलतं. मी ओट्यावर उडी घेतलेली आणि भावाने तेवढ्यात कळ दाबली की माझ्या पायाखालून ओटाच गायब. आमच्या घरात त्यावरून जे शब्द वापरले गेले ते इथे लिहिता येणार नाहीत.

वेताळटेकडी :
कोकणकडा, हाहाहा, 'आता बदलू नकोस, आता बदलू नकोस' हे आमच्याकडेही चालायचं.

फरक इथेच आहे बघा. ग्वाकामेलीत दोघं एकाच जगात असतात आणि जग त्यांच्यावर पालटतं. इब-ऑबमध्ये दोन्ही जगं एका वेळी पडद्यावर हजर, आणि आपण दोघं दोन जगांत असू शकतो. तू काय करतोयस ते मला सतत दिसतं. म्हणून चिडचिड होते पण आरोप होत नाहीत. मला ग्वाकामेली मारामारीसाठी आवडतो, सोबतीसाठी इब-ऑब.

ओंजळ :
वाचतेय. खेळ खेळत नाही पण धागा आवडला.

लंबक :
मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझ्या आवडीचा विषय निघाला. कनिष्ठ महाविद्यालयाच्या मुलांना मी हा खेळ मुद्दाम दाखवतो.

दारातून पडण्याकडे नीट बघा. वर ज्या उंचीवरून पडाल, जवळपास तेवढ्याच अंतरापर्यंत पलीकडे उसळता. कारण सरळ आहे. रेषेपाशी पोचेपर्यंत स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा झालेली असते, रेषा ओलांडताच गुरुत्वाकर्षण उलटं फिरतं आणि तीच गती आता तुम्हाला रेषेपासून दूर नेते, पुन्हा स्थितिज होईपर्यंत. मग परत रेषेकडे. घर्षण नसेल तर हा झोका कायम चालेल. आलेख काढला तर ऊर्जेचा आकार इंग्रजी 'व्ही' सारखा येतो, तळाशी टोक असलेला.

मजा पुढे आहे. साधा लंबक लहान झोक्याला असो की किंचित मोठ्या, जवळपास तेवढाच वेळ घेतो. इथे तसं नाही. उंची चौपट केली तर झोक्याचा वेळ दुप्पट होतो. म्हणजे दोघं वेगवेगळ्या उंचीवरून एकाच वेळी निघाले तर दाराशी एकत्र पोचणारच नाहीत. एकत्र पोचायचं असेल तर उंचावरच्याने आधी निघायला हवं. खेळ हे सूत्र कुठेही लिहून दाखवत नाही, पण तासाभरात बोटांना कळलेलं असतं. फळ्यावर वर्गमूळ आलं की मान खाली घालणारा विद्यार्थी हा खेळ खेळताना 'सर, उंचावरचा आधी सुटायला पाहिजे' असं आपण होऊन सांगतो, तेव्हा मला फार बरं वाटतं.

रेवा :
लंबक सर, ही लेव्हलची युक्तीच सांगितलीत तुम्ही. समोरची भिंत उंच असेल तर आम्ही तिच्याशी झटत बसायचो. उत्तर बहुतेक वेळा पलीकडच्या जगात असतं. तिथे आणखी लांबच्या कड्यावर चढायचं, तिथून दारात पडायचं, की इकडे भिंतीच्या वर.

लंबक :
बरोबर. आणि कड्यावर चढायला जोडीदाराच्या डोक्याचा उपयोग करायचा. एकमेकांच्या डोक्यावर उभं राहता येतं हे लोक विसरतात.

आजीची_गोधडी :
अवांतर होईल, पण दोघांचा खेळ म्हटलं की आमच्या पिढीला काँट्राच आठवणार. पिवळ्या कॅसेटवाला, रविवारी दुपारी, दोन रिमोट आणि चार भावंडं. त्यातली धबधब्याची लेव्हल आठवते का? पडदा वर सरकत जायचा, पुढचा पोरगा वर चढत सुटला की मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेबाहेर जाऊन मरायचा. शत्रूने नाही, भावाने मारलेला. माझा दादा आजही म्हणतो की तू हळू होतीस.

कोकणकडा :
धबधबा!! आमच्याकडे त्या लेव्हलला 'घरचा अहेर' म्हणायचे.

वेताळटेकडी :
ज्याच्या घरात व्हिडिओ गेम, तो एक नंबरचा रिमोट घेणार आणि वरही तोच आधी चढणार. हा अलिखित नियम होता. पाहुण्या मुलाने मरायचंच.

भर_दुपारी :
आमच्या पिढीचं काँट्रा म्हणजे 'फायरबॉय अँड वॉटरगर्ल'. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एका कीबोर्डवर दोघं, एकाकडे बाण आणि दुसरीकडे डब्ल्यू-ए-डी. फायरबॉयला आगीतून जाता येतं, पाण्यात तो मरतो, वॉटरगर्लचं उलटं. इब-ऑबमधली रंगीत दारं बघून मला तेच आठवलं. ब्राउझरमध्ये फुकट चालायचा म्हणून पोरापोरांत पसरला. २०२० च्या अखेरीस फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमध्ये असे खेळ चालवणारं सॉफ्टवेअर, बंद पडलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं.

सांजवारा :
काँट्राच्या धबधब्यावरून मला जे म्हणायचं होतं तेच अधिक स्पष्ट झालं. तिथे पडदा पुढच्याच्या मागे धावतो, मागच्याची किंमत शून्य. इब-ऑबमध्ये मागच्याला सोडून पुढे जाऊन उपयोग नाही, कारण पुढचं दार त्याच्या रंगाचं असू शकतं.

डेल्फ्टकर :
धागा उशिरा दिसला. मी कामानिमित्त डेल्फ्टला राहतो, म्हणून जरा अभिमानाने सांगतो की या खेळाचं मूळ इथलं आहे. रिचर्ड बूझर यांनी डेल्फ्टच्या तंत्रज्ञान विद्यापीठात पदवीचा प्रकल्प म्हणून तो सुरू केला आणि त्यातूनच पुढे पूर्ण खेळ झाला. पीसीची आवृत्ती कोडग्लू या रॉटरडॅमच्या कंपनीने बाहेर काढली. संगीत केटल या डच इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचं. बहिणीबरोबर खेळणार असाल तर टीव्हीचा आवाज नीट लावून खेळा. सूर मऊ आहेत, घाई करत नाहीत, मेल्यावरही डोक्याला त्रास देत नाहीत. पुन्हा पुन्हा मरणाऱ्या माणसाला अशा संगीताची फार गरज असते.

बाकी खेळात बोलणं नाही, अक्षरही जवळजवळ नाही. माझी शेजारीण तुर्की आहे, तिच्या मुलाबरोबर मी खेळलो. तो डच बोलतो, माझं डच कच्चं. काही अडलं नाही.

तिरपा_डोळा :
खेळात शब्द नाहीत हे खरं, पण खेळणाऱ्यांना सारखं बोलावं लागतं, आणि तिथे एक व्यवहारातली अडचण येते. 'वर ये', 'खाली जा' हे या खेळात निरुपयोगी आहे. रेषेखालच्या माणसाची उडी पडद्यावर खाली जाते. 'वर ये' म्हटलं की त्याने उडी मारायची की दारातून यायचं? आम्ही 'रेषेकडे' आणि 'रेषेपासून लांब' असं म्हणायला लागलो आणि अर्धी भांडणं मिटली.

वेताळटेकडी :
आम्ही 'माझ्याकडे ये' आणि 'तुझ्याकडेच थांब' म्हणतो. तेही चालतं.

हां, काल म्हटलेलं सविस्तर. आमचं भांडण कायम एका गोष्टीवरून व्हायचं. कोडं मला आधी दिसायचं आणि मी लगेच सूचना सुरू करायचो. बायको म्हणाली, मग तूच दोन्ही काड्या घे आणि एकटाच खेळ. (तसं करताही येतं, एकाच कंट्रोलरच्या दोन काड्यांवर इब आणि ऑब दोन्ही चालवता येतात.) त्यानंतर आमचं ठरलं की विचारल्याशिवाय उत्तर सांगायचं नाही. तेव्हापासून खेळ तिचाही झाला. काही कोडी तिने अशी सोडवली की मला ती वाट सुचलीच नसती. काटेरी प्राणी मारून हिरे घ्यायचेच असतात असं मी धरून चाललो होतो, ती सरळ त्याच्या येरझाऱ्या मोजून मधून निघून गेली.

रेवा :
वेताळटेकडी, एकट्याने दोन काड्यांवर खेळण्याबद्दल वेगळं मत मांडते. मी खेळलेय. डावा अंगठा एका जगात, उजवा दुसऱ्यात, आणि काही वेळाने दोन्ही हात आपापलं काम करायला लागतात. फार एकाग्रता लागते, मन शांत होतं. तो वेगळाच खेळ आहे, पण कमी दर्जाचा नाही.

भर_दुपारी :
मला ते अजिबात जमलं नाही आणि आवडलंही नाही. दोन अंगठ्यांचा मेळ घालणं ही कसरत झाली. पलीकडचा काय करेल याची जी धाकधूक असते ती एकट्याने खेळताना संपते. या खेळात तीच तर सगळी मजा आहे.

रेवा :
मतभेद राहू दे :)

ओंजळ :
तुम्हा सगळ्यांचं वाचून विचारते. माझी लेक शिकायला बंगळुरूला आहे. लांबून खेळता येतो का? आमच्याकडे फक्त साधा लॅपटॉप आहे.

डेल्फ्टकर :
ओंजळताई, येतो. खेळात स्वतःची ऑनलाइनची सोय आहे, त्यासाठी दोघींकडे प्रत घ्यावी लागेल. दुसरा मार्ग म्हणजे स्टीम या पीसीवरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानाचं 'रिमोट प्ले टुगेदर'. २०१९ पासून आहे. एकीकडेच प्रत असली तरी चालते, तिच्या लॅपटॉपवर चाललेला खेळ तुम्हाला चित्रासारखा दिसतो आणि तुमच्या कळा तिकडे पोचतात. ज्यांचं नेट चांगलं त्यांनी यजमान व्हायचं. खेळ जड नाही, साध्या लॅपटॉपवर चालेल. कळ आणि उडी यांत किंचित उशीर जाणवेल, पण सुरुवातीच्या लेव्हलना त्याने काही बिघडत नाही. आणि बाजूला फोन स्पीकरवर ठेवा. बोलल्याशिवाय या खेळात काही नाही.

ओंजळ :
मनापासून आभार. लेकीला लगेच कळवते.

लंबक :
मूळ प्रश्न मागे पडला, त्यावर माझं उत्तर. नवख्याला झेपेल का? पहिल्या काही लेव्हल नक्की झेपतील, आणि पुढे जायलाच हवं असं कुठे आहे. एकूण पंधरा आहेत, शेवटच्या माझ्याही अजून पक्क्या नाहीत.

पुढे कोणी राहायचं, याला माझ्या मते खेळानेच उत्तर दिलंय. जिथे एकेरी रंगाचं दार आहे तिथे ज्याचा रंग त्याने पुढे. पण सामायिक दारांपाशी निवड आपली असते, आणि तिथे नवख्याला आधी जाऊ द्यावं. कारण वेळ साधण्याचं काम मागून येणाऱ्यावर पडतं. पुढचा आपल्या गतीने सुटतो, मागच्याला त्याच्या झोक्याशी जुळवून घ्यावं लागतं. अवघड काम तयारीच्या माणसाने घ्यावं. वर्गात मी जोड्या लावतो तेव्हा हेच करतो, जो जलद आहे त्याला मागे ठेवतो.

भर_दुपारी :
सर, हे खूप उपयोगी आहे. माझं 'नवख्यांसाठी नाही' हे मत या अटीवर सैल करतो. एक मेला की दोघं मरतात या नियमाबद्दल मात्र बहिणीला आधीच सांगून ठेवा. सुरुवातीला एकदा मुद्दाम दोघींनी मिळून काट्यावर उडी मारा. मरण्याचं काही वाटेनासं होतं.

सांजवारा :
हे करतेच! ती परवा येतेय, राहायलाच. लंबक सरांचा नियम, तिरपा_डोळा यांचं 'रेषेकडे' आणि वेताळटेकडी यांचं 'विचारल्याशिवाय सांगायचं नाही', तिन्ही लिहून टीव्हीजवळ चिकटवलंय. फक्त रंग ठरायचाय. मला कायम हिरवा लागतो.

आजीची_गोधडी :
अगं, मोठी बहीण आहे ना? रंग तिला निवडू दे आधी. आणि धबधबा दिसला तर वर पळू नकोस.

सांजवारा :
नाही पळणार. आणि आजी, तुमच्या दादांनाही एकदा बसवा की या खेळाला. इथे ते वर चढून सुटू शकणार नाहीत, त्यांना तुमच्यासाठी थांबावंच लागेल.

आजीची_गोधडी :
दिवाळीला येतोय तो. कोणत्या लेव्हलपासून डोक्यावर उभं राहता येतं, तेवढं सांगून ठेवा.

रेवा :
पहिल्यापासूनच.